दुबईचे घर आणि आमची व्हिसाची वाट

परदेशात घर घ्या आणि तिथे राहण्याचा व्हिसा मिळवा, ही जाहिरात आता इंग्रजी वर्तमानपत्रांपुरती राहिलेली नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत शनिवार-रविवारी दुबईच्या बिल्डरांची प्रदर्शने भरतात. त्यांची निमंत्रणे पूर्वी व्यापाऱ्यांना आणि सिनेमावाल्यांना जात. आता ती बँकेतले अधिकारी, डॉक्टर, अभियंते, सेवानिवृत्त वर्ग एकचे अधिकारी यांनाही जातात. त्यात आपल्या समाजातील शिकलेली, नोकरी केलेली पिढीही आहे. वकिली करणाऱ्या आमच्यासारख्यांना हल्ली हा प्रश्न वारंवार विचारला जातो : ‘साहेब, दुबईत फ्लॅट घेतला तर तिथला व्हिसा मिळतो म्हणतात. खरे आहे का? घ्यावा का?’

या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर आहे आणि ते आम्ही पुढे देणारच आहोत. परंतु कायद्याच्या उत्तराने हा प्रश्न संपत नाही. माणूस फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे परक्या वाळवंटातल्या विसाव्या मजल्यावर का गुंतवू पाहतो, याचा विचार चळवळीने केला पाहिजे. ‘पैसा आला की माणसे बदलतात, समाज विसरतात’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते ते अर्धवट उत्तर आहे आणि बऱ्याच जणांवर अन्याय करणारेही आहे.

आपल्यापैकी ज्यांनी शहरात भाड्याने किंवा विकत घर शोधले आहे, त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. फोनवर सगळे ठरते. भाडे ठरते, डिपॉझिट ठरते. मग समोरून विचारणा होते, ‘पूर्ण नाव काय?’ आडनाव सांगितले की घर ‘कालच दिले’ गेलेले असते. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतात, खाणे विचारतात, भिंतीवर कोणाचा फोटो लावणार हेही आडून विचारतात. अशा माणसाला दुबईचा एजंट भेटतो. तो आडनाव विचारत नाही, फक्त बँकेचे स्टेटमेंट मागतो. आयुष्यभर जातीच्या चौकशीला तोंड दिलेल्या माणसाला ही वागणूक सन्मानाची वाटली तर त्यात नवल काय?

हे दुखणे जुने आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून त्यांना पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या पारशांच्या टोळक्याने त्यांना बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे विचारून पाहिले, तिथेही सोय झाली नाही. बागेत बसून त्यांनी उरलेला दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला. ज्या लेखनात तो आहे, त्याचे नाव आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे व्हिसाच्या प्रतीक्षेत. परदेशी जाण्याच्या परवानगीचा त्यात विषय नाही. स्वतःच्या देशात माणूस म्हणून राहण्याचा परवाना मागावा लागतो, हे त्या नावात आहे. तेव्हा आजचा आपला बांधव दुबईच्या व्हिसाची चौकशी करतो, तेव्हा त्याच्या मनात कोणती जुनी वाट पाहणे आहे, हे आधी ओळखले पाहिजे.

आता दुबईचा कायदा काय देतो ते पाहू. २००२ मध्ये दुबईच्या राज्यकर्त्यांनी परदेशी माणसांना घराची मालकी देण्याचे धोरण जाहीर केले. मार्च २००६ मध्ये स्थावर मालमत्ता नोंदणीचा कायदा, म्हणजे २००६ चा कायदा क्रमांक ७ आला. या कायद्याने दुबईत कोठेही जमीन-घर घेण्याचा अधिकार अमिराती नागरिकांना आणि आखाती सहकार्य परिषदेच्या देशांतील नागरिकांना दिला. बाकीच्या परदेशी लोकांना राज्यकर्त्यांनी ठरवून दिलेल्या भागांतच मालकी घेता येते. म्हणजे कोणी कोठे मालक व्हावे, हे तिथेही जन्माने मिळालेल्या ओळखीवर ठरते. आपल्याला याचे फार आश्चर्य वाटू नये. गावाची वेस आणि तिच्या बाहेरची वस्ती आपण पाहिलेली आहे.

घराला व्हिसा जोडण्याची योजना नंतर मोठी झाली. ‘गोल्डन व्हिसा’ २०१९ मध्ये सुरू झाला आणि २०२२ मध्ये त्याच्या अटी सैल करण्यात आल्या. आज २० लाख दिरहम किंवा त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तेवर १० वर्षांचा निवास मिळू शकतो आणि अटी पाळल्या तर तो वाढवून घेता येतो. २० लाख दिरहम म्हणजे आपले सुमारे पाच कोटी रुपये. प्रदर्शनात ज्याच्या हाती पाऊण कोटीच्या स्टुडिओ फ्लॅटचे माहितीपत्रक दिले जाते, त्याला भिंतीवरचा दहा वर्षांचा व्हिसाही दाखवला जातो. या दोन गोष्टींमध्ये चार कोटींचे अंतर आहे, ते मात्र सांगितले जात नाही. कमी किमतीच्या घरावर थोड्या मुदतीचे व्हिसे मिळतात, पण त्यांच्या अटी सरकार वेळोवेळी बदलत असते. म्हणून एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबून सही करू नये.

आणि हा निवास म्हणजे नेमके काय? तो मुदतीचा परवाना आहे. घर विकले की त्याचा आधार जातो. दहा वर्षे राहा की तीस वर्षे, त्यातून नागरिकत्व आपोआप मिळत नाही. संयुक्त अरब अमिरातीने २०२१ मध्ये काही निवडक परदेशी व्यक्तींना नागरिकत्व देण्याची तरतूद केली, पण ते राज्यकर्त्यांच्या शिफारशीने मिळते. घरमालकाने अर्ज करून मागण्याची ती गोष्ट नाही. त्या देशात राहणाऱ्या दहा माणसांतली जवळपास नऊ माणसे परदेशी आहेत. त्यांतले पस्तीस लाखांहून अधिक आपले भारतीय आहेत. या नऊ जणांना मत नाही, संघटना नाही, आपल्यावर राज्य कोणी करावे याबद्दल बोलण्याची सोय नाही. घर घेतलेला माणूस या नऊ जणांतलाच एक राहतो. फरक एवढाच, की त्याचा परवाना जास्त लांबीचा असतो.

परवाने कमी-जास्त लांबीचे कसे असतात, हे पाहायचे तर त्याच मार्च २००६ मध्ये दुबईत दुसरे काय घडले ते पाहावे. परदेशी खरेदीदाराला मालकी देणारा कायदा निघाला, त्याच महिन्यात बुर्ज दुबई या जगातल्या सर्वांत उंच इमारतीच्या कामावर सुमारे अडीच हजार मजुरांचा असंतोष फुटला. गाड्या फुटल्या, कचेऱ्यांची मोडतोड झाली, दुसऱ्या दिवशी काम बंद पडले. पगार आणि वागणूक या त्यांच्या तक्रारी होत्या. त्याच वर्षी ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने तिथल्या बांधकाम मजुरांवर सविस्तर अहवाल काढला. थकवलेला पगार, मालकाने काढून घेतलेला पासपोर्ट, गावाकडे एजंटला देण्यासाठी काढलेले कर्ज, ही त्यातली चित्रे आपल्याला नवी नाहीत. ती इमारत २०१० मध्ये बुर्ज खलिफा या नावाने उघडली. ज्यांनी ती उभी केली, त्यांपैकी कोणाला तिच्या सावलीत राहण्याचा दहा वर्षांचा परवाना मिळाला?

त्यानंतर काही सुधारणा झाल्या, हे नोंदवले पाहिजे. पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत २००९ पासून आली. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम घेण्यास बंदी आहे. पासपोर्ट काढून घेणे बेकायदेशीर आहे. २०२२ पासून नवा कामगार कायदाही लागू झाला. परंतु मूळ रचना तीच आहे. मजुराचा निवास त्याच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की ठराविक मुदतीत दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा. युनियन काढता येत नाही. बायको-मुलांना सोबत आणायचे तर महिन्याला ४ हजार दिरहम पगार हवा, किंवा ३ हजार आणि राहण्याची जागा हवी. वीटकाम-सेंटरिंग करणाऱ्याला एवढा पगार कोठून मिळणार? म्हणजे जो घर बांधतो त्याला कुटुंबासह राहण्याचा परवाना नाही. जो घर विकत घेतो त्याला बायको-मुलांसह दहा वर्षांचा आहे.

दुबईतल्या मजुरांच्या एका मोठ्या वसाहतीला लोक सोनापूर म्हणतात. हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचा अर्थ सोन्याचे गाव. मुंबईत वाढलेल्या मराठी माणसाला मात्र सोनापूर म्हटले की स्मशान आठवते. शहराच्या कडेला असलेल्या त्या वसाहतीत एकेका खोलीत अनेक जण बंकवर झोपतात आणि पहाटे बसगाड्या त्यांना बांधकामांवर नेतात. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, तेलंगण, राजस्थानचे लोक आहेत. नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानचेही आहेत. त्यांतल्या भारतीयांत आपल्याच जातसमूहांची, भूमिहीन घरांतली मुले किती आहेत, याची मोजणी कोणी केलेली नाही. पण गावात जमीन नसलेला, रोजगार नसलेला माणूसच कर्ज काढून एवढ्या लांब सेंटरिंगच्या कामाला जातो, हे समजायला मोजणी लागत नाही.

येथे आमचा मुद्दा स्पष्ट करतो. दुबईत जात विचारत नाहीत, हे बऱ्याच अंशी खरे असेल. पण तिथे पासपोर्ट विचारतात. एकाच कचेरीत एकाच कामाला कोणत्या देशाच्या माणसाला किती पगार, याचे अलिखित दरपत्रक असल्याची तक्रार तिथे काम केलेले लोक करतात. अमिराती नागरिक वर, त्याखाली पाश्चात्त्य देशांतला गोरा, त्याखाली घर घेतलेला भारतीय, त्याखाली पगारी भारतीय, सर्वांत खाली सोनापूरचा मजूर. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान. या उतरंडीचे विश्लेषण बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता या शब्दांत आपल्याला शिकवले आहे. पाच कोटी देऊन तिसरी पायरी विकत घेता येते. पायऱ्या मोडता येत नाहीत.

कोणी म्हणेल, दुबई हा राजेशाही देश आहे, तिथे असेच असणार. युरोपातल्या लोकशाही देशांत काय झाले ते मग पाहू. तिथेही घराच्या बदल्यात निवास विकला गेला. २००८ नंतरच्या मंदीत तिजोऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. पोर्तुगालने २०१२ मध्ये आणि स्पेनने २०१३ मध्ये, ५ लाख युरोचे घर घेणाऱ्या परदेशी माणसाला निवासाचा परवाना द्यायला सुरुवात केली. पैसा आला. पर्यटकांच्या भाड्याच्या घरांचाही सुळसुळाट झाला. लिस्बन, बार्सिलोना, माद्रिद या शहरांतली भाडी अशी वाढली, की तिथल्याच शिक्षकाला, परिचारिकेला, बस चालवणाऱ्याला शहरात राहणे परवडेना. लोक रस्त्यावर उतरले. घरे महागण्याला गोल्डन व्हिसा हे एकमेव कारण नव्हते, पण राहण्याच्या जागेचा सट्टा करू नका, हा लोकांचा संताप खरा होता. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये घराच्या बदल्यात निवास देणे बंद केले. स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून ही योजनाच रद्द केली.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, विकत मिळणारा निवास ही सरकारची सवलत असते. आज आहे, उद्या अट बदलते, परवा बंद होते. त्याला हक्क म्हणत नाहीत. दुसरी गोष्ट चळवळीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. आपण ज्या शहरात घर ‘गुंतवणूक’ म्हणून घेतो, त्या शहरात कोणाचे तरी भाडे वाढते, कोणाला तरी बाहेर जावे लागते. झोपडपट्टी हटवताना ज्यांच्या घरावरून बुलडोझर गेला, त्यांच्या पोरांनी हा हिशेब विसरू नये.

असे असूनही ज्यांना घर घ्यायचेच आहे, त्यांनी घ्यावे. मुलगा-सून तिथे नोकरीला आहेत, नातवंडे तिथे शिकतात, अशी खरी कारणे अनेकांना आहेत. मालमत्ता घेणे आपल्या माणसाने पाप समजू नये. पिढ्यान् पिढ्या ज्यांना जमीन धरू दिली नाही, त्यांनी सातबाऱ्यावर आणि खरेदीखतावर नाव लावणे हीच एक लढाई होती. पण घ्यायचे तर कायद्याने घ्यावे. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. २० लाख दिरहम म्हणजे सुमारे ५ लाख ४४ हजार डॉलर. म्हणजे एकट्या माणसाला एका वर्षात एवढे पैसे कायद्याने पाठवताच येत नाहीत. नवरा-बायको, मुलगा मिळून पाठवू शकतात, पण मग त्यांची नावे मालक म्हणूनही लागली पाहिजेत. नात्यातल्या माणसाचे नाव फक्त पैसे पाठवण्यापुरते वापरणे चालत नाही. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर रक्कम गेली, की घरखरेदीसाठीच्या प्रेषणावर बँक २० टक्के कर आधीच गोळा करते. तो विवरणपत्रात वळता करून मिळतो, पण तेवढे पैसे तोवर अडकतात, याचा हिशेब आधी करावा. ‘इथे रोख द्या, तिथे दिरहम मिळतील’ असे कोणी सुचवले तर तिथूनच परत फिरावे. तो हवाला आहे. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो आणि परदेशातल्या मालमत्तेच्या किमतीइतकी इथली मालमत्ता जप्त होऊ शकते. आयुष्यभराच्या नोकरीतून घेतलेले इथले घर त्यात जाईल.

घर घेतल्यावर ते दरवर्षी आपल्या प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवावे लागते. भारतात रहिवासी असाल तर तिथले भाडे इथल्या करात येते. दुबईत आयकर नाही म्हणून ते उत्पन्न करमुक्त झाले, असे समजू नये. दुबईचा व्हिसा खिशात असला म्हणून कोणी आपोआप अनिवासी भारतीय होत नाही. तो हिशेब वर्षातले किती दिवस कोठे राहिलात यावर मुख्यतः ठरतो. २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा कडक आहे. परदेशी घर विवरणपत्रात दाखवले नाही एवढ्यासाठीही १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. जाणूनबुजून लपवले तर तुरुंगवास आहे. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी सेवा नियमांप्रमाणे आपल्या खात्याला कळवणे आणि परवानगी घेणे विसरू नये. आपल्या अधिकाऱ्याची फाईल उघडायला कारण शोधणारे कमी नाहीत.

बांधकाम पूर्ण न झालेले घर घेताना आणखी जपावे. २००८-०९ च्या पडझडीत दुबईतल्या किमती निम्म्याच्या आसपास खाली आल्या. कित्येक प्रकल्प कागदावरच राहिले आणि हप्ते भरलेले लोक हात चोळत बसले. त्यानंतर कायदे कडक झाले. खरेदीदाराचे पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच जमा व्हावे लागतात आणि प्राथमिक नोंदवहीत खरेदीची नोंद करावी लागते. म्हणून पैसे एजंटच्या किंवा बिल्डरच्या दुसऱ्या खात्यात भरू नयेत आणि नोंदणी झाल्याचा कागद स्वतः तपासावा. किमतीच्या ४ टक्के नोंदणी शुल्क, दरवर्षीचा देखभाल खर्च, एजंटचे कमिशन हे सगळे वेगळे असते. बिल्डरने हप्ते लांबवून दिले म्हणून इथल्या रिझर्व्ह बँकेचे नियम बदलत नाहीत. तेव्हा पहिला हप्ता भरण्याआधी बँकेच्या परकीय चलन विभागाला लेखी विचारावे.

आणि मृत्युपत्र करावे. स्थावर मालमत्तेला साधारणपणे ती जिथे असते तिथला कायदा लागतो. अमिरातीत मुस्लिमेतर लोकांसाठी २०२३ पासून वेगळा वैयक्तिक कायदा लागू झाला आहे. मृत्युपत्र नसेल तर मालमत्तेचा अर्धा वाटा जोडीदाराला आणि अर्धा मुला-मुलींना समान, अशी त्यात तरतूद आहे. मुलीला मुलाइतकाच वाटा, ही गोष्ट हिंदू कोड बिलाचा इतिहास माहीत असलेल्या आपल्या वाचकाला आवडेल. पण आपल्या घरात आई-वडील आपल्यावर अवलंबून असतात. त्यांची सोय हवी असेल तर मृत्युपत्र तिथे नोंदवलेलेच बरे.

निवास आणि नागरिकत्व यांतला फरकही नीट समजून घ्यावा. दुबईच्या निवासाने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही. परंतु काही देश पैशाच्या बदल्यात पासपोर्टच देतात. तुर्कस्तान ४ लाख डॉलरच्या घरावर नागरिकत्व देतो. ते स्वखुशीने घेतले की आपल्या कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. मतदानाचा अधिकार संपतो. पुढे परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळाले तरी मत परत मिळत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. २०२२ या एका वर्षात २ लाख २५ हजारांहून अधिक लोकांनी भारतीय नागरिकत्व सोडले. त्यांत बहुसंख्य नोकरी-शिक्षणाने बाहेर गेलेले आहेत. प्रत्येकाची कारणे वेगळी असतील, आम्ही कोणाला देशद्रोही म्हणणार नाही. ते काम करणारे दुसरे लोक आहेत. पण आपल्या समाजाला एक माणूस एक मत हा अधिकार कोणत्या लढ्याने मिळाला, हे माहीत असलेल्याने तो सोडताना दोनदा विचार करावा, एवढे म्हणण्याचा आम्हाला अधिकार आहे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. आडनाव सांगितल्यावर घर नाकारले जाते, त्याचा इलाज दुबईत नाही. पाच कोटी असलेला एक जण तिथे जाईल. पुण्यात पहिल्या नोकरीला लागलेली, खोली शोधत फिरणारी मुलगी कोठे जाईल? संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने भारतात कोठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क दिला. १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते सर्वांना खुले केले. पण खाजगी घरमालकाच्या दारापर्यंत तो अनुच्छेद स्पष्ट शब्दांत पोहोचत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व पारशांपुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणाने कोणत्याही वस्तीत घर घेण्यास, राहण्यास अडवणे हा गुन्हा आहे. पण घरमालक ‘अस्पृश्यता पाळतो’ असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आम्हाला शाकाहारी कुटुंब हवे.’ मग पुरावा कोठून आणायचा?

अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर एका आठवड्यात, ११ एप्रिल १९६८ रोजी, घर विकताना-भाड्याने देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही झाली. त्याच वर्षी ब्रिटननेही तसा कायदा केला. या कायद्यांनी भेदभाव संपला नाही, पण नाकारलेल्या माणसाला तक्रारीची जागा मिळाली आणि नाकारणाऱ्याला उत्तर द्यावे लागले. आपल्याकडे भाड्याने आणि विक्रीने घर देताना जात, धर्म, खाणे यांवरून नाकारण्यास स्पष्ट बंदी घालणारा, पुराव्याचा भार काही प्रमाणात घरमालकावर टाकणारा दिवाणी कायदा का नसावा? फोनवरचे संभाषण, दलालाचा संदेश, आधी होकार नंतर नकार, हे प्राथमिक पुरावे का मानू नयेत? विधानसभेत आपल्या मतांवर निवडून गेलेल्यांना हा प्रश्न आपण किती वेळा विचारला?

आणि दुबईत पोहोचलेल्या आपल्या बांधवांना एक विनंती आहे. तुम्ही मरिनाच्या फ्लॅटमध्ये असाल, पण शुक्रवारी किंवा रविवारी कधीतरी सोनापूरला जाऊन या. तिथे इंग्रजी-अरबी कागद वाचता न येणारा, पगार थकलेला, पासपोर्ट मालकाकडे अडकलेला आपला माणूस असेल. त्याला भारतीय वकिलातीच्या कामगार साहाय्य केंद्रापर्यंत पोहोचवा. त्याचा अर्ज लिहून द्या. त्या देशाचा कायदा मोडून काही करा असे आम्ही म्हणत नाही. त्या कायद्यात मजुराला जेवढे दिले आहे, तेवढे त्याच्या पदरात पडेल एवढे तरी तुमचे शिक्षण उपयोगी पडले पाहिजे. इथल्या संघटनांनीही आखातात जाणाऱ्या मुलांचे करार तपासून देण्याचे, एजंटचा परवाना सरकारी यादीत पाहून देण्याचे काम तालुक्याच्या ठिकाणी सुरू करावे. १९८३ चा उत्प्रवास कायदा मजुराकडून एजंटने किती पैसे घ्यावेत याची मर्यादा घालतो. ती मर्यादा किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून ज्यांनी आम्हाला प्रश्न विचारला, त्यांना आमचे उत्तर असे : घर घ्यायचे तर पूर्ण किंमत, पूर्ण कागद आणि इथल्या कायद्याचा पूर्ण हिशेब पाहून घ्या, निवृत्तीची सगळी पुंजी त्यात घालू नका. व्हिसा मिळेल, त्याची मुदत संपेल, अटी बदलतील. पण बडोद्याच्या त्या बागेत बसलेल्या बॅरिस्टर होऊ पाहणाऱ्या तरुणाने पुढे आपल्यासाठी परदेशात जागा शोधली नाही. न्यूयॉर्क आणि लंडन दोन्ही त्याने पाहिली होती. त्याने परत येऊन या देशाचे संविधान लिहिले. त्या संविधानात घराच्या दाराशी थोडी जागा अपुरी राहिली असेल, तर ती भरण्याचे काम त्याच्या शिकलेल्या वारसांचे आहे. येत्या अधिवेशनाआधी प्रत्येक जिल्ह्यातल्या वकील मंडळींनी घर नाकारल्याची दहा-दहा उदाहरणे तारखेनिशी, प्रतिज्ञापत्रावर गोळा करावीत. कायद्याचा मसुदा करायला आम्ही तयार आहोत.